हा एक किलोओहम कोणी लिहिला?

संगणकावर विद्युत परिपथाची आकृती काढणे आता अवघड राहिलेले नाही. यादीतून रोधकाचे (रेझिस्टरचे) चिन्ह उचलायचे, पडद्यावरील कोऱ्या कागदावर ठेवायचे आणि दुसरे चिन्ह उचलायचे. पण काही आज्ञावलींत चिन्ह कागदावर ठेवताक्षणीच त्याच्या शेजारी एक आकडाही उमटतो. रोधक असेल तर १ किलोओहम, धारित्र (कपॅसिटर) असेल तर १ नॅनोफॅरड, वेटोळे असेल तर १० मायक्रोहेन्री. आपण तर अजून काहीच लिहिलेले नसते. मग हे आकडे आले कोठून?

संगणकाच्या भाषेत अशा आकड्याला ‘डिफॉल्ट’ म्हणतात. आपण या लेखापुरते ‘गृहीत किंमत’ म्हणू या. वापरणाऱ्याने काही सांगितले नाही तर यंत्र जी किंमत धरून चालते, ती गृहीत किंमत. हा विषय वरवर अगदी किरकोळ वाटतो. पण चिन्हांच्या संग्रहात कोणती किंमत आधीपासून भरून ठेवावी, की कोणतीच ठेवू नये, या प्रश्नामागे जवळजवळ दीडशे वर्षांचा इतिहास आहे. तो समजून घेतला तर प्रयोगशाळेतल्या डबीत ५ किलोओहमऐवजी ४.७ किलोओहमचाच रोधक का सापडतो, हेही समजते. म्हणून सुरुवात तेथूनच करू.

दोरखंड आणि दहाचे मूळ

चार्ल्स रनार हा फ्रेंच लष्करातील अभियंता. आर्थर क्रेब्स या सहकाऱ्याबरोबर त्याने ९ ऑगस्ट १८८४ रोजी ‘ला फ्रान्स’ हे विद्युत मोटरवर चालणारे वायुजहाज उडवून, निघालेल्या जागी परत आणून उतरवले होते. त्याआधी, १८७७ ते १८७९ या काळात, तो लष्कराच्या फुग्यांना लागणाऱ्या सामानाचा अभ्यास करीत होता. फुग्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या दोरांच्या जाडीचे ४२५ प्रकार होते. रनारने ते १७ वर आणले.

यासाठी त्याने भूमिती श्रेढीचा आधार घेतला. १० पासून १०० पर्यंत समान गुणोत्तराने पाच पायऱ्यांत जायचे, तर प्रत्येक वेळी दहाच्या पाचव्या मुळाने, म्हणजे सुमारे १.५८५ ने गुणावे लागते. त्यातून १०, १६, २५, ४०, ६३, १०० अशी मालिका मिळते. अंकगणिती श्रेढीत ही सोय नसते. तेथे १० आणि ११ यांच्यातील फरक मोठा वाटतो, तर ९९० आणि ९९१ यांच्यातील फरक कोणाच्या लक्षातही येत नाही. समान गुणोत्तर ठेवले की लहान मापांना आणि मोठ्या मापांना सारखाच न्याय मिळतो. पुढे १०० ते १००० या टप्प्यातही तेच आकडे एक शून्य वाढवून वापरता येतात.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. रनारची मालिका म्हणजे विचारपूर्वक केलेली निवड होती. कोणती मापे ठेवायची आणि कोणती सोडायची, याचे कारण सांगता येत होते.

४.७ कोठून आले?

रेडिओचा काळ आला तेव्हा हाच प्रश्न रोधकांपुढे उभा राहिला. कार्बनचे चूर्ण आणि बंधक द्रव्य यांच्या मिश्रणातून केलेले रोधक अचूक एका किमतीचे निघत नसत. उत्पादक ते आधी तयार करीत आणि मग मोजून वेगवेगळे करीत. १० टक्के कमी-जास्त चालेल असे ठरले, तर मालिका अशी हवी की एका रोधकाची वरची मर्यादा पुढच्या रोधकाच्या खालच्या मर्यादेला जाऊन भिडावी. म्हणजे तयार झालेला प्रत्येक रोधक कोणत्या ना कोणत्या खान्यात बसेल आणि काही फेकून द्यावे लागणार नाही.

याचे गणित सोपे आहे. एका किमतीच्या १.१ पट ही पुढच्या किमतीच्या ०.९ पटीइतकी हवी. म्हणून दोन शेजारच्या किमतींचे गुणोत्तर १.१ भागिले ०.९, म्हणजे सुमारे १.२२२, यापेक्षा जास्त असू नये. दहाचे दहावे मूळ १.२५९ आहे. ते जास्त होते, खान्यांमध्ये फटी राहतात. दहाचे बारावे मूळ १.२११५ आहे. ते बरोबर बसते. म्हणून दहाच्या प्रत्येक पटीत बारा किमती आल्या: १०, १२, १५, १८, २२, २७, ३३, ३९, ४७, ५६, ६८, ८२. हीच ‘ई-१२’ मालिका. २० टक्के सहनमर्यादेसाठी सहा किमतींची ई-६ आणि ५ टक्क्यांसाठी चोवीस किमतींची ई-२४ याच पद्धतीने मिळते. आता पुण्यातील किंवा मुंबईतील कोणत्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात ‘फोर सेव्हन के’ मागितले की लगेच मिळते आणि ५ किलोओहम मागितले की दुकानदार ४.७ नाहीतर ५.१ पुढे करतो, याचे कारण सापडते.

ही मालिका जागतिक कशी झाली, ते मोठे बोधप्रद आहे. १९४८ साली स्टॉकहोम येथे आंतरराष्ट्रीय विद्युत-तंत्र आयोगाच्या, म्हणजे आयईसीच्या, रेडिओविषयक समितीची बैठक झाली. रोधक आणि लहान धारित्रे यांच्या किमतींची एक सर्वमान्य मालिका तातडीने हवी, यावर एकमत झाले. रनारच्या परंपरेतील दहा पायऱ्यांची मालिका घेतली असती तर इतर मापांशी मेळ राहिला असता, आणि समितीला तसे करणे आवडलेही असते. पण काही देशांतील बाजारात बारा पायऱ्यांची मालिका इतकी रुजली होती की ती उपटणे शक्य नव्हते. १९५० साली पॅरिसमध्ये बारा पायऱ्यांची मालिका स्वीकारली गेली आणि १ जानेवारी १९५२ या तारखेने ‘प्रकाशन क्रमांक ६३’ म्हणून ती प्रसिद्ध झाली.

विद्यार्थ्यांना बाराव्या मुळाने प्रत्यक्ष गुणाकार करायला सांगावे. १० पासून निघाल्यावर २६.१, ३१.६, ३८.३, ४६.४ असे आकडे येतात. नियमाने ते २६, ३२, ३८, ४६ असे लिहायला हवेत. मालिकेत मात्र २७, ३३, ३९, ४७ आहेत. शेवटी ८२.५ चे ८२ केले आहे. हे आकडे आधीच प्रचारात होते, म्हणून तसेच राहिले. या ओढाताणीमुळे कोठे बारीक फटी उरल्या आहेत, हेही शोधता येते. १२ ची वरची मर्यादा १३.२ आणि १५ ची खालची मर्यादा १३.५. त्या दोहोंमध्ये मोजला गेलेला रोधक दहा टक्क्यांच्या हिशेबात कोणाचाच नाही. अशीच आणखी एक, अगदी चिंचोळी फट २२ आणि २७ यांच्यामध्ये आहे.

तात्पर्य असे, की ४.७ हा आकडा अर्धा गणिताने दिला आणि अर्धा वहिवाटीने. तरी तो उघडपणे, बैठकीत चर्चा होऊन ठरला. पुढे जे आकडे आले, त्यांचे तसे झाले नाही.

कागदावरची रिकामी जागा

संगणकापूर्वी परिपथाची आकृती ड्रॉइंग बोर्डवर निघत असे. चिन्हे सारखी यावीत म्हणून प्लॅस्टिकची पट्टी वापरत. तिच्यात रोधकाची नागमोडी रेघ, धारित्राच्या दोन समांतर रेघा, ट्रान्झिस्टरचे वर्तुळ असे आकार कापलेले असत. ही पट्टी फक्त आकार देई. किंमत द्यायची तिची शक्तीच नव्हती. किंमत हाताने लिहावी लागे. लिहायची राहिली तर कागदावर जागा रिकामी दिसे आणि तपासणाऱ्याच्या नजरेत ती पटकन भरे. रिकामी जागा ही स्वतःच एक सूचना होती.

ही व्यवस्था बदलण्याची सुरुवात १९६३ साली झाली. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत आयव्हन सदरलँड याने ‘स्केचपॅड’ ही आज्ञावली आपल्या प्रबंधासाठी तयार केली. लिंकन प्रयोगशाळेतील टीएक्स-२ या संगणकाच्या पडद्यावर प्रकाशलेखणीने चित्र काढता येत असे. त्यात एक मूळ आकृती आणि तिच्या हव्या तितक्या नकला, अशी कल्पना होती. षट्कोनांची जाळी काढली आणि मग मूळ षट्कोन बदलला, की साऱ्या जाळीचे रूप एकदम पालटे. सदरलँडने परिपथांच्या आकृत्याही या पद्धतीने काढून पाहिल्या.

आजचा प्रत्येक चिन्हसंग्रह याच कल्पनेवर उभा आहे. संग्रहात रोधकाचे एक मूळ चिन्ह, आकृतीत त्याच्या शंभर नकला. पण मूळ चिन्हाला आकाराबरोबर किमतीचा रकानाही जोडला गेला, तेव्हा एक नवा प्रश्न जन्मला. मुळात जे लिहिले आहे ते शंभर ठिकाणी जाणार. मग मुळात काय लिहावे?

बर्कलीची आज्ञावली

याच सुमारास परिपथ प्रत्यक्ष न जोडता संगणकाकडून त्याचे गणित करून घेण्याचे प्रयत्न चालू होते. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात लॉरेन्स नेगल आणि त्याचे प्राध्यापक डोनाल्ड पेडरसन यांनी ‘स्पाइस’ ही आज्ञावली पुढे आणली. पेडरसन यांनी १२ एप्रिल १९७३ रोजी कॅनडातील वॉटर्लू येथील परिषदेत ती जगापुढे मांडली. ती मुक्तपणे वाटली गेली, म्हणून विद्यापीठांतून आणि कारखान्यांतून झपाट्याने पसरली. परिपथाचे गणित करणाऱ्या आजच्या बहुतेक आज्ञावली तिच्याच वंशातल्या आहेत.

स्पाइसला परिपथ पंच कार्डांवर ओळी छापून सांगावा लागे. प्रत्येक ओळीत घटकाचे नाव, तो कोणत्या दोन बिंदूंमध्ये आहे ते, आणि किंमत. ट्रान्झिस्टरची गोष्ट मात्र अवघड होती. त्याच्या वर्णनाला डझनांनी राशी लागतात आणि त्या सगळ्या कोणालाच ठाऊक नसतात. म्हणून न सांगितलेल्या राशींसाठी गृहीत किमती ठेवणे भाग होते. ट्रान्झिस्टरची प्रवाहवृद्धी १०० धरली. त्याचा संपृक्त प्रवाह १० चा उणे सोळावा घात अँपिअर आणि डायोडचा १० चा उणे चौदावा घात अँपिअर धरला. आतील धारिता शून्य, आतील रोधही शून्य.

ही शून्ये नीट पाहण्याजोगी आहेत. धारिता शून्य असलेला ट्रान्झिस्टर कितीही उच्च वारंवारतेला थकत नाही. असा ट्रान्झिस्टर कोणत्याही दुकानात मिळत नाही. विद्यार्थ्याने ट्रान्झिस्टरचे नाव दिले, राशी दिल्या नाहीत, तर पडद्यावर येणारा प्रवर्धक खऱ्यापेक्षा देखणा असतो. गृहीत किंमत चुकीची होती असे म्हणता येत नाही. ती ‘हा परिणाम विचारात घेतलेला नाही’ एवढेच सांगत होती. पण ते सांगणे आलेखावर कोठेही दिसत नाही.

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. रोधकाची किंमत शून्य आली तर गणितात एक भागिले शून्य असा प्रसंग येतो. स्पाइसची सी भाषेत लिहिलेली तिसरी आवृत्ती अशा वेळी इशारा छापून १००० ओहम धरीत असे. तिच्याच वंशातील ‘एनजीस्पाइस’मध्ये पुढे हा आकडा बदलून १ मिलिओहम केला गेला. दोन्ही आकड्यांनी भागाकाराचा पेच सुटतो. पण एकाच चुकीच्या ओळीचे दोन अर्थ झाले आणि त्यांच्यात दहा लाख पटींचे अंतर आहे!

तिसरी गंमत अक्षरांची. पंच कार्डांवर केवळ मोठी रोमन अक्षरे असत. त्यामुळे लहान एम म्हणजे मिलि आणि मोठा एम म्हणजे मेगा हा भेद स्पाइसला ठेवता आला नाही. एम म्हणजे मिलि असे ठरले आणि मेगासाठी ‘मेग’ ही तीन अक्षरे. ही वहिवाट आजही चालू आहे. सवयीने ‘१ एम’ लिहिणाऱ्याला मेगाओहमऐवजी मिलिओहम मिळतो, म्हणजे अब्जपट लहान रोध.

तीन मते

१९८४ साली ‘पीस्पाइस’मुळे हे गणित घरगुती संगणकावर आले. पुढे पडद्यावर चिन्हे मांडून आकृती काढायची आणि तीच गणिताला द्यायची, अशी सोय झाली. चित्र आणि गणित एकत्र आल्यावर संग्रह करणाऱ्यांना ठरवावेच लागले, की चिन्हाच्या किमतीच्या रकान्यात काय ठेवायचे. यावर तीन मते दिसतात.

पहिले मत, चालू शकेल असा आकडा ठेवावा. पीस्पाइसच्या संग्रहात रोधकाला १ किलोओहम, धारित्राला १ नॅनोफॅरड आणि वेटोळ्याला १० मायक्रोहेन्री ही किंमत आधीच भरलेली असते. याची बाजूही समजून घ्यावी. नवशिक्याने पहिला परिपथ काढला आणि लगेच आलेख दिसला, तर त्याचा हुरूप वाढतो. दर ठिकाणी ‘चूक’ असे उत्तर आले तर तो कंटाळून उठेल.

पण याचा धोका एका छोट्या उदाहरणाने पाहू. १० किलोओहमचा रोधक आणि १० नॅनोफॅरडचे धारित्र घेऊन एक साधा गाळक करायचा आहे. त्याची सीमा-वारंवारता सुमारे १.५९ किलोहर्ट्झ येते. रोधकाची किंमत बदलली, धारित्राची बदलायची राहिली. ते १ नॅनोफॅरडच राहिले. आता सीमा १५.९ किलोहर्ट्झ. आलेख तितकाच गुळगुळीत, तितकाच विश्वासू दिसतो. फरक फक्त दहा पटींचा. १ नॅनोफॅरड ही दुकानात मिळणारी, मालिकेतली, अगदी सभ्य किंमत आहे. म्हणूनच ती संशय येऊ देत नाही.

दुसरे मत, आकड्याच्या जागी आकडा नसलेली खूण ठेवावी. ‘किकॅड’ ही मुक्त आज्ञावली फ्रान्समधील झाँ-पिएर शारास यांनी १९९२ साली सुरू केली. तिच्या संग्रहातील रोधकाच्या किमतीच्या रकान्यात ‘आर’ हे अक्षरच असते आणि धारित्राच्या रकान्यात ‘सी’. क्रमांक दिलेला नसेल तर अक्षरापुढे प्रश्नचिन्ह असते. ‘एलटीस्पाइस’मध्येही रोधकाजवळ ‘आर’ एवढेच दिसते. हे अक्षर तसेच ठेवून परिपथ गणिताला दिला, तर आज्ञावलीला त्यातून संख्या मिळत नाही आणि ती अडते. खरेदीच्या यादीत ‘आर किमतीचे दहा रोधक’ असे छापले गेले, तर दुकानदारही अडतो. जुन्या कागदावरील रिकाम्या जागेचे काम येथे एक अक्षर करते.

तिसरे मत उद्योगात रूढ आहे. प्रत्येक किमतीचे चिन्ह वेगळे करावे. त्याच्या पोटात किंमत, सहनमर्यादा, वॉटमधील क्षमता, आकार आणि खरेदीचा क्रमांक सारे भरून ठेवावे. मग विसरायला काही उरतच नाही. मात्र ई-२४ मालिकेच्या सहा दशमानांसाठीच १४४ चिन्हे लागतात आणि त्यांची निगा कोणीतरी राखावी लागते. म्हणून ही माहिती वेगळ्या माहितीकोशात ठेवून चिन्हाशी जोडण्याची पद्धत आली. किकॅडमध्ये ती सोय २०२३ साली सातव्या आवृत्तीत झाली.

तिन्ही मतांपुढे सदरलँडच्या षट्कोनाचा प्रश्न उरतोच. संग्रहातील मूळ चिन्ह सुधारले, तर जुन्या आकृत्यांतील नकलांचे काय करायचे? आकार बदलावा हे ठीक. पण आकृती काढणाऱ्याने स्वतः लिहिलेली ४.७ किलोओहम ही किंमत पुसून तेथे पुन्हा ‘आर’ यावा काय? म्हणून किकॅडमध्ये संग्रहावरून चिन्हे ताजी करताना कोणते रकाने बदलायचे, हे वापरणाऱ्याला निवडता येते. नियम साधा आहे. आकार संग्रहाचा, किंमत आकृती काढणाऱ्याची.

वर्गात काय करता येईल?

आयआयटी मुंबईच्या ‘फॉसी’ प्रकल्पाने किकॅड आणि एनजीस्पाइस यांच्या आधारे ‘ईसिम’ ही मुक्त आज्ञावली तयार केली आहे. आधी तिचे नाव ‘ऑस्कॅड’ होते. ती विनामूल्य असल्याने शाळा-महाविद्यालयांना सहज वापरता येते. तिच्यात आकृती आणि गणित यांच्यामध्ये एक पायरी आहे. विद्युतस्रोताच्या किमती आणि घटकांचे वर्णन त्या पायरीवर भरायचे असते. विद्यार्थ्यांना ही पायरी कटकटीची वाटते. शिक्षकांनी मात्र तेथेच थोडे थांबावे, असे आम्ही सुचवू.

विद्यार्थ्याने आकृती दाखवली की तिच्यातील प्रत्येक किमतीवर बोट ठेवून विचारावे, “ही कोणी ठरवली?” उत्तरे तीन प्रकारची येतील. “मी हिशेब करून काढली.” “हिशेबात ५ आले, पण मालिकेत ४.७ आहे म्हणून ती घेतली.” आणि “ती आधीच होती.” पहिल्या दोन उत्तरांना गुण द्यावेत. तिसऱ्या उत्तराला शिक्षा नको. त्या किमतीभोवती पेन्सिलीने गोल काढून आकृती परत द्यावी.

गृहीत किमती आपल्याला टाळता येणार नाहीत. ट्रान्झिस्टरच्या साऱ्या राशी भरत बसले तर एकही परिपथ पुरा होणार नाही. भौतिकशास्त्राच्या पुस्तकात ‘घर्षण नगण्य मानू’ असे लिहिलेले असते, तीही गृहीत किंमतच. पण तेथे ते वाक्य छापलेले असते आणि विद्यार्थी ते वाचतो. चिन्हसंग्रहातील आकडा मात्र कोणाचेही नाव न सांगता आकृतीत येऊन बसतो आणि थोड्याच वेळात आपणच तो लिहिला असे वाटू लागते. रनारच्या १७ दोरांमागे कारण होते, ४.७ मागे स्टॉकहोम आणि पॅरिसच्या बैठका होत्या. आपल्या आकृतीतील १ किलोओहममागे काय आहे, हे सांगता आले, तर तो खुशाल राहू द्यावा.